डोळ्यात रक्त उतरल्यावर गेलेली नजर परत येते का?

वडिलांना मधुमेह आहे, एका डोळ्यासमोर अचानक काळं पसरलं, डॉक्टरांनी आत रक्त उतरल्याचं सांगितलं, आता दिसेल का, असं तुम्ही विचारलंय. पुष्कळदा दिसू लागतं. किती, ते डोळ्याच्या आतला मागचा, उजेड टिपणारा पडदा (रेटिना) कसा आहे त्यावर ठरतं.

मलाही मधुमेहच. सकाळी तोंड धुताना बेसिनमध्ये केस दिसला म्हणून पाणी सोडलं. तो जाईना, नजर वळवली तसा तोही वळला. तासाभरात पाण्यात शाई सोडावी तसे धागे पसरले आणि संध्याकाळी उजव्या डोळ्याने स्वतःची बोटंही मोजता येईनात. दुखत मात्र काहीच नव्हतं, म्हणून मी तीन दिवस घालवले. ही माझी मोठी चूक. तुम्ही लगेच गेलात हे फार बरं केलंत.

डोळ्याच्या पोकळीत जेलीसारखा पारदर्शक पदार्थ असतो, साधारण ४ मिलिलीटर. मधुमेहात पडद्याला रक्त कमी पडलं की त्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात. त्या फुटल्या की रक्त जेलीत अडकतं आणि उजेड आत पोचत नाही. म्हणजे पडदा शाबूत असूनही अंधार होऊ शकतो.

रक्तामुळे डॉक्टरांनाही आतलं दिसत नव्हतं. त्यांनी मिटल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी केली. वडिलांची झाली का ते आधी विचारा, कारण पडदा सुटला असेल तर वाट बघून चालत नाही. माझा जागेवर होता. डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलं, म्हणजे रक्त खाली बसतं. तरी सकाळी धुकं दाट असायचं, दुपारी विरळ व्हायचं. निवळायला दोन महिने लागले, मग लेझर केलं. काहींना डोळ्यात इंजेक्शन देतात. रक्त हटलंच नाही तर विट्रेक्टॉमी, म्हणजे ती जेली काढण्याची शस्त्रक्रिया. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.

आणि दुसरा डोळा? तोही बाहुली मोठी करणारे थेंब घालून याच फेरीत तपासून घ्या. माझ्या डाव्या डोळ्यात तशाच वाहिन्या सापडल्या, पण फुटायच्या आधी. त्याला लगेच लेझर झालं आणि हे उत्तर मी त्याच्याच भरवशावर टाइप करतेय.