वाचकांचे प्रश्न : पर्यायी इतिहासातील दूरचित्रवाणी

इतिहासातील एखादी घटना वेगळी घडली असती तर जग कसे असते, या कल्पनेवर कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या वाचकांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. त्यांतले बरेचसे प्रश्न त्या जगातील करमणुकीविषयी आले, म्हणून या वेळचे सदर त्या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : माझ्या कादंबरीत १९३९ साली महायुद्ध सुरूच होत नाही. १९५०च्या सुमारास लंडनमध्ये राहणाऱ्या माझ्या पात्रांच्या घरी टीव्ही असेल का? असल्यास ती त्यावर काय पाहत असतील?

उत्तर : टीव्ही असेल, आणि बहुधा प्रत्यक्षात आला त्याहून बऱ्याच आधी आलेला असेल. बीबीसीने अलेक्झांड्रा पॅलेसमधून २ नोव्हेंबर १९३६ रोजी दूरचित्रवाणीची नियमित सेवा सुरू केली. सुरुवातीला जॉन लोगी बेअर्ड यांची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची (चित्र ज्या आडव्या रेषांनी बनते त्या जितक्या जास्त, तितके ते स्पष्ट) अशा दोन पद्धती आलटून-पालटून वापरल्या गेल्या आणि फेब्रुवारी १९३७मध्ये बेअर्ड यांची पद्धत बाद ठरली. त्याच वर्षी मे महिन्यात सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक थेट दाखवण्यात आली. १ सप्टेंबर १९३९ रोजी मात्र हे सारे एकाएकी थांबले, कारण प्रक्षेपणाच्या लहरींवरून शत्रूच्या विमानांना दिशा सापडेल अशी भीती होती आणि तिथले तंत्रज्ञ रडारच्या कामासाठी हवे होते. सेवा पुन्हा सुरू झाली ती ७ जून १९४६ रोजी. तुमच्या कादंबरीत हा जवळजवळ सात वर्षांचा खंड पडणार नाही, त्यामुळे १९५०मधील पात्रांना टीव्ही ही नवलाईची वस्तू वाटणार नाही.

येथेच थांबलात तर मात्र चित्र अपुरे राहील. युद्धाने टीव्ही थांबवला, तसे त्याला पुढेही ढकलले. रडारच्या कामातून उच्च कंप्रतेच्या (फ्रिक्वेन्सीच्या) विद्युत्-मंडलांचे ज्ञान असलेले असंख्य तंत्रज्ञ तयार झाले, आणि कमी उजेडातही चित्र टिपणारी इमेज ऑर्थिकॉन ही कॅमेऱ्याची नळी अमेरिकेत युद्धकाळातच विकसित झाली. त्याआधीच्या कॅमेऱ्यांना प्रखर प्रकाश लागत असे. तेव्हा तुमच्या जगात संच पुष्कळ घरांत पोहोचलेले असतील, पण कॅमेरे मागासलेले राहिलेले असण्याची शक्यता आहे. कलाकार दिव्यांच्या झळीत घामाघूम होत काम करतील, मंद उजेडातले प्रसंग नाटकांतून गाळले जातील, आणि भर दुपारी मोकळ्या मैदानावर होणारे सामने व मिरवणुका यांना कार्यक्रमांत मोठे स्थान मिळेल. अशी एखादी अडचण कथेत आली की ते जग वाचकाला खरे वाटू लागते.

आणखी एक शक्यता तुम्ही विचारात घ्यावी असे मला मनापासून वाटते. जर्मनीत १९३५पासून बर्लिनमध्ये सार्वजनिक टीव्ही-कक्ष उघडण्यात आले होते आणि १९३६च्या ऑलिंपिक स्पर्धा लोकांनी तिथे एकत्र बसून पाहिल्या. घरगुती वापरासाठीचा स्वस्त संच १९३९ साली तयार होता, पण युद्धामुळे त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन झाले नाही. समजा, एखाद्या देशात ही सार्वजनिक कक्षांची रीतच रुजली. मग टीव्ही घरात येतच नाही. तो नाट्यगृहासारखा राहतो. तिथे विनोदी कार्यक्रम भरभराटीला येतील, कारण हसू समूहात पसरते. नवरा-बायकोच्या कुजबुजीवर उभी असलेली कौटुंबिक मालिका मात्र परक्यांच्या गर्दीत बसून पाहणे अवघड जाईल, आणि कदाचित तो प्रकार जन्मालाच येणार नाही. शिवाय युद्ध झाले नाही म्हणजे जर्मनीतील नाझी राजवट टिकून राहिली का, हा प्रश्न तुम्हाला टाळता येणार नाही. टिकली असेल, तर तिचा टीव्ही दिवसभर भाषणे दाखवील असे समजू नका. हुकूमशाही राजवटींनी आपल्या प्रसारमाध्यमांत हलक्याफुलक्या करमणुकीला नेहमीच भरपूर जागा दिलेली आहे आणि माझ्या मते त्यांचा खरा प्रभाव तिथूनच पडतो. तुमच्या पात्रांना ते कार्यक्रम आवडत असतील, तर ती गोष्ट लपवू नका.

प्रश्न : राजा बदलला, सीमा बदलल्या, तरी माणसांना आवडणाऱ्या गोष्टी त्याच राहतील ना? मग मालिका आणि गाणी एवढी का बदलावीत?

उत्तर : आवड पुष्कळ अंशी तीच राहील, तिला मिळणारा आकार मात्र बदलेल, आणि तो आकार बहुतेक वेळा पैसा कोण पुरवतो यावर ठरतो. रोज थोडी थोडी पुढे सरकणारी कौटुंबिक मालिका आपल्याला इतकी नैसर्गिक वाटते की तिच्याविना टीव्हीची कल्पनाच करवत नाही. पण हा प्रकार १९३०च्या दशकात अमेरिकी रेडिओवर घडला. साबण आणि घरगुती वस्तू बनवणाऱ्या कंपन्यांना दुपारी घरी असलेल्या गृहिणींपर्यंत रोज पोहोचायचे होते, म्हणून त्यांनी या मालिकांना पैसा पुरवला. ‘सोप ऑपेरा’ हे नाव त्यातूनच पडले. पुढे लॅटिन अमेरिकेत याच कुळातली, पण शेवट ठरलेली मालिका लोकप्रिय झाली. १९७०च्या दशकात मेक्सिकोमध्ये मिगेल साबिदो यांनी तिचा उपयोग साक्षरता आणि कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी केला, आणि त्या अनुभवावरून प्रेरणा घेऊन १९८४ साली दूरदर्शनवर ‘हम लोग’ आली. आता तुमच्या जगात अमेरिकी रेडिओला जाहिराती घेण्याची परवानगीच नव्हती असे धरा. त्या साखळीतली पहिली कडी नाहीशी होते, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला पन्नासएक वर्षांनंतरच्या संध्याकाळी लोक काय पाहत बसतील, हेही बदलते.

याच कारणाने मी लेखकांना नेहमी सांगत आलो आहे की आपण रचलेल्या जगातील टीव्हीचा खर्च परवाना शुल्कातून भागतो, जाहिरातींतून, की सरकारी तिजोरीतून, हे कार्यक्रमांची नावे सुचण्याआधी ठरवा. ब्रिटनमध्ये २२ सप्टेंबर १९५५पर्यंत टीव्हीवर जाहिरातींना वावच नव्हता. ज्या कार्यक्रमात मधे जाहिरात येते, त्याच्या लेखकाला प्रेक्षक उठून जाऊ नये म्हणून मध्येच एखादी उत्कंठा निर्माण करावी लागते. जिथे जाहिरात नाही, तिथे कथानक संथपणे चालू शकते. तुमच्या जगातील टीव्हीवर पोसलेल्या माणसाची गोष्ट सांगण्याची ढबही त्याप्रमाणे वेगळी होईल, आणि ती संवादांत उतरली पाहिजे.

पैशाइतकेच महत्त्व जतनाला आहे. १९५१ साली ‘आय लव्ह ल्यूसी’ ही अमेरिकी विनोदी मालिका सुरू झाली, तेव्हा थेट कार्यक्रमाची दूरच्या किनाऱ्यावर धूसर प्रतच पोहोचत असे. प्रायोजकाला प्रेक्षकसंख्या अधिक असलेल्या पूर्व किनाऱ्यावर स्वच्छ चित्र हवे होते आणि मालिकेतील प्रमुख कलाकार ल्यूसिल बॉल व देसी अर्नाझ हे दांपत्य हॉलिवूड सोडून न्यू यॉर्कला जायला तयार नव्हते. तोडगा म्हणून प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर तीन कॅमेऱ्यांनी फिल्मवर चित्रीकरण करण्यात आले आणि त्या भागांची मालकी दांपत्याच्या कंपनीकडे राहिली. फिल्म टिकली, म्हणून मालिका पुन्हा पुन्हा दाखवता आली, आणि जुन्या मालिकांचे पुनःप्रक्षेपण हा एक स्वतंत्र व्यवसाय झाला. याउलट ब्रिटनमध्ये चुंबकीय फिती महाग असल्यामुळे त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या आणि १९६०च्या दशकातील असंख्य कार्यक्रम कायमचे गेले. ते दांपत्य न्यू यॉर्कला गेले असते तर, एवढ्या एका प्रश्नावरसुद्धा एक चांगली कथा उभी राहू शकेल. त्यासाठी कोणतेही साम्राज्य कोसळायला नको.

प्रश्न : माझ्या कथेतील सरकार चित्रपटगीतांवर आणि नव्या संगीतावर बंदी घालते. त्यामुळे लोकप्रिय संगीत संपुष्टात येईल, असे दाखवणे योग्य ठरेल का?

उत्तर : मला ते पटणार नाही, कारण घडलेला इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो. १९५२ साली केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. गाण्यांचे वेड असलेले श्रोते समुद्रापलीकडच्या रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ घरोघरी पोहोचली आणि अखेर १९५७मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. ब्रिटनमध्येही तसेच झाले. बीबीसीवर तरुणांच्या संगीताला मिळणारा वेळ अपुरा होता, तेव्हा १९६४पासून रेडिओ कॅरोलाइनसारखी केंद्रे ब्रिटिश सागरी हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजांवरून गाणी वाजवू लागली. कायद्याने त्यांची वाट अडवल्यावर १९६७मध्ये बीबीसीनेच रेडिओ वन सुरू केले. तेव्हा तुमच्या कथेत बंदी जरूर असावी, पण त्याबरोबर पलीकडच्या किनाऱ्यावरचे केंद्र आणि रात्री खरखरत्या आवाजात त्याची लहर शोधणारा श्रोताही असावा. जिला सरकारी केंद्रावर जागा नाही अशी गायिका त्या जगात अधिक मोठी होईल, आणि अभिरुचीची सूत्रे परक्या देशातील एखाद्या निवेदकाच्या हाती जातील. सरकारला हे कळायला किती वर्षे लागतात, यावर कथेचा ताण अवलंबून ठेवता येईल.

प्रश्न : एखाद्या प्रगत, श्रीमंत देशात टीव्हीच नाही, असे दाखवले तर वाचक विश्वास ठेवतील का?

उत्तर : ठेवतील, कारण तसा देश प्रत्यक्षात होता. दक्षिण आफ्रिकेत उद्योगधंदे आणि पैसा असूनही देशव्यापी टीव्हीसेवा ५ जानेवारी १९७६ रोजी सुरू झाली. तोवर सरकारने टीव्हीचा वर्णभेदी समाजव्यवस्थेला आणि आफ्रिकान्स भाषेला धोका मानला होता. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा जगातील कोट्यवधी लोकांनी पाहिलेले ते दृश्य तिथल्या लोकांना घरबसल्या थेट पाहता आले नाही. त्या काळात तिथे रेडिओ-नाट्ये आणि रेडिओ-मालिका जोमात होत्या. आइसलँडमध्ये तर १९८७पर्यंत गुरुवारी टीव्ही बंद असे. कल्पनेला आधार हवा असेल, तर अशा खऱ्या अपवादांचा अभ्यास करावा.

प्रश्न : खऱ्या कलावंतांना त्या जगात आणावे का?

उत्तर : तुमच्या कथेतील इतिहास जिथे खऱ्या इतिहासापासून वेगळा होतो, त्या वळणाआधी जन्मलेल्यांना आणता येईल, मात्र त्यांना तीच कीर्ती मिळेल असे गृहीत धरू नये. वळणानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेली व्यक्ती त्या जगात जशीच्या तशी जन्मेल, हे मला मान्य होत नाही.

प्रश्न : हे सारे तपशील कथेत सांगायचे कसे? माझ्या मसुद्यात पाने भरून माहिती झाली आहे.

उत्तर : त्या जगातील माणसांना आपले जग वेगळे आहे हे ठाऊक नसते, म्हणून ती ते कोणाला समजावून सांगणार नाहीत. सार्वजनिक टीव्ही-कक्षांचे जग लिहिताना त्या कक्षांचा इतिहास देण्याऐवजी एखाद्या बाईच्या तोंडी एवढेच वाक्य घाला : ‘काल उशीर झाला, पण शेजारणीने माझी खुर्ची धरून ठेवली होती, म्हणून निदान दुसरा अर्धा भाग तरी दिसला.’ टीव्ही घराबाहेर आहे, गर्दी असते, कार्यक्रम पुन्हा दिसणार नाही आणि शेजारपाजार त्याभोवती जमतो, हे सारे त्या एका वाक्यात येते. मसुद्यातील पाने फाडू नका. ती स्वतःसाठी वेगळी ठेवा. त्यांच्या जोडीला तुमच्या कथेच्या जगातील एका साध्या दिवसाचे संपूर्ण कार्यक्रमपत्रक लिहून काढा. त्यात दुपारचा कंटाळवाणा अर्धा तास, कोणी पाहत नाही असे शेतीविषयक व्याख्यान आणि रात्री प्रक्षेपण थांबण्याची वेळही असावी. कथेत त्यातले दोन-तीन उल्लेख आले तरी पुरेत.