वाचक विचारतात : मोडीचे कागद आणि किल्ल्यावरची माहिती

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातली, बी.ए. इतिहासाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ऑन जॉब ट्रेनिंगचे १२० तास पूर्ण करायचे आहेत. बरेच जण ओळखीच्या ठिकाणाहून सही-शिक्का आणतात. घरी राहून इतिहासाच्या उपयोगाचं काही करता येईल का?

उत्तर : नुसता शिक्का आणू नका. रोज चार तास धरले तर १२० तासांचे ३० दिवस होतात. तेवढ्यात मोडी या जुन्या मराठी लिपीच्या वाचनाचा पाया पक्का होतो. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही (गाव नमुना १४), खोतीचे कागद, देवस्थानाचे हिशेब, वाटणीपत्रं असं कितीतरी मोडीत पडून आहे आणि वाचणारे थोडे आहेत. देवस्थान किंवा ग्रंथालयाकडे असे कागद असतील तर त्यांचं लिप्यंतर ट्रेनिंग म्हणून चालेल का, हजेरीवर सही कोण करील, हे विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्या. पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतं. त्याचं कोल्हापूरचं कार्यालय अणुस्कुरा घाटाने तुम्हाला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ पडेल.

पहिले दहा दिवस फक्त लिहा. अक्षरांचा तक्ता पाठ करून थेट कागद उघडणारे हमखास अडतात. मोडीत शिरोरेषा आधी ओळभर ओढलेली असते, दोन शब्दांत जागा नसते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो आणि काना-उकार जोडला की अक्षराचं रूप बदलतं. लेखणी कुठे वळली हे हाताला कळलं की डोळ्याला दिसतं. त्यानंतर इंग्रजी अमदानीतल्या नोंदवह्या घ्या. त्यात नाव, बापाचं नाव, जात, गाव हा साचा ओळीओळीला तोच असतो. पेशवाई पत्रं शेवटी.

सर्वांत जास्त चुका तारखांत होतात. जुन्या कागदांत वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे १ + ६० + १०० + १०००, शुहूर सन (मराठेशाहीतली कालगणना) ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते मेसाठी ६००. पानिपतची लढाई जानेवारीतली, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. सरसकट ५९९ मिळवलेत तर वर्ष चुकतं. तारखेआधीचा 'छ' म्हणजे चंद्र, तिथे महिना हिजरी.

लिप्यंतर ओळीला ओळ करा, अर्थ वेगळ्या कागदावर लिहा. अक्षर लागत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवा, अंदाज भरू नका. एका अक्षराने कुणाचा दाखला किंवा जमिनीतला हिस्सा अडतो. माळ्यावरच्या पेटीतले कागद पावसाळ्यात उलगडू नका, दमट घडी तिथेच फाटते. आणि कृपा करून लॅमिनेशन करू देऊ नका. त्या उष्णतेने चिकटलेला कागद पुन्हा सोडवता येत नाही. पहिल्या वर्षी मोडी वाचनाच्या कमाईवर घर चालणार नाही, पण एम.ए. करताना जोडकाम म्हणून उत्तम.

प्रश्न : मी देवगडचा, मराठीत एम.ए. केलं आहे. विजयदुर्गावर पर्यटकांना माहिती सांगायचं काम करावं असं वाटतं. इतिहासाची पदवी नसली तर चालेल का?

उत्तर : चालेल. भाषा तुमच्याकडे आहे, पुरावा तपासायची सवय मात्र लावून घ्या. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यात आपल्या किनाऱ्यावरचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. आता येणारा माणूस नीट विचारणार.

विजयदुर्गावरचंच उदाहरण घ्या. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने १८६८ मध्ये इथून सूर्याच्या निरीक्षणातून हेलियमचा शोध लावला असं सर्रास सांगितलं जातं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेनने गुंटूरहून पाहिलं. लॉकियरने त्या ऑक्टोबरात निरीक्षण केलं ते इंग्लंडमधून. तो विजयदुर्गाला आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. खरी हकिगत काही कमी रंगतदार नाही, तीच सांगा. दंतकथा सांगायची असेल तर 'लोक असं सांगतात' म्हणून सांगा.

तासाभराची एक फेरी बसवा. प्रत्येक थांब्यावर तीन-चार मिनिटं पुरेत, उन्हात कातळावर माणसं त्याहून जास्त उभी राहत नाहीत. हंगाम पावसानंतर मेपर्यंतचा धरा, बाकीचे महिने वाचनाला ठेवा.