सातचा तास आणि कोपीवरचा फोन

प्रश्न : बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर सातवीला शिकवते. दिवाळीनंतर वर्गातली नऊ मुलं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. रोज संध्याकाळी सातला मी व्हिडिओ कॉलवर गणित घेते. जेमतेम दोघं येतात, तीही मधेच तुटतात. मुख्याध्यापक म्हणतात, मुलं येत नसतील तर बंद करा. काय करू?
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, सातचा तास खुशाल बंद करा. त्या वेळी कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीवर, काय चाललेलं असतं? टोळी उसाच्या फडातून नुकतीच परतलेली, चूल पेटवायची घाई, तुमची विद्यार्थिनी धाकट्याला कडेवर घेऊन. फोन वडिलांच्या खिशात. गाडी भरायला मुकादमाचा निरोप कधीही येईल, म्हणून बॅटरी जपायची. त्यात तुमचा व्हिडिओ!

ही चूक मीही केलीय. २००४ च्या सप्टेंबरात एज्युसॅट हा शिक्षणासाठीचा उपग्रह अवकाशात गेला, त्यानंतर काही वर्षं मी त्यावरून वर्ग घेत होतो. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंच. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तर परत यायला आणखी पाव. एवढंही न थांबता मी ‘कळलं ना? पुढे जाऊ’ म्हणायचो. अपूर्णांकांचा एक तास फार रंगला असं वाटलं होतं. पंधरा दिवसांनी एका केंद्रावरून पोस्टकार्ड आलं : ‘सर, दुसऱ्या गणितानंतर आमचा टीव्ही बंद होता.’ तेव्हापासून मुलाचा आवाज माझ्यापर्यंत कसा येणार, हे मी आधी बघतो.

तर व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांचा आवाज पाठवा. त्यात एकच गणित, पुस्तकाचं पान सांगून. निरोप फोनवर पडून राहतो. रेंज येईल, वडील मोकळे होतील तेव्हा पोरं ऐकतील. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘उत्तर कसं काढलंस ते बोलून पाठव’ म्हणा. चूक कुठे झाली ते बोलताना लगेच कळतं. आणि तुमचं उत्तर त्या मुलाचं नाव घेऊन सुरू करा.

पुढच्या वर्षी मुलं निघण्याआधी शाळेतच दीक्षा या सरकारी ॲपमधले धडे त्यांच्या फोनवर उतरवून द्या. ते धडे उघडणारा पुस्तकातला क्यूआर कोड फडात, रेंज नसताना, काय कामाचा?

फोनवर सगळं भागणार नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून असतं ते शिक्षण हमी पत्रक दिलंय ना? टोळीच्या तळाजवळच्या शाळेतल्या गुरुजींना स्वतः फोन करा, मुलं तिथे बसू द्या. वडिलांचा रिचार्ज संपला की मुलाचा पत्ताच लागत नाही, म्हणून मुकादमाचा नंबरही वहीत टिपून ठेवा.

राहिले मुख्याध्यापक. त्याच वहीत कुठल्या तारखेला कोणाचा आवाज परत आला ते लिहा आणि महिनाअखेरीस त्यांच्यापुढे ठेवा.