दिलेली तारीख आणि बाळाची वेळ

प्रश्न : माझी लेक पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला मी दिनदर्शिकेवर लाल गोल करून ठेवला होता. ती उलटल्यावर सहाव्या दिवशी नात झाली. तोवर नातेवाइकांनी ‘तारीखच चुकली’ म्हणून डॉक्टरांना बोल लावला होता. डॉक्टर मात्र सातव्या दिवशी कळा आणण्याचे औषध देणार होते. तारीख खरेच चुकली होती का, आणि सातच दिवस का?

उत्तर : नातीच्या जन्माबद्दल आपले अभिनंदन. तारीख चुकली नव्हती. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवायचे (10 जानेवारीची पाळी असेल, तर 17 ऑक्टोबर), हा हिशेब जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यातून येणारे 280 दिवस आपल्याकडच्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ या बोलण्याच्या अगदी जवळचे आहेत. पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात जेमतेम चार-पाच. अमेरिकेत 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 125 गर्भवतींच्या बीजोत्सर्गाचा (स्त्रीबीज बाहेर पडण्याचा) दिवस लघवीतील संप्रेरकांवरून निश्चित केला होता. तरीही, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे वगळल्यावर, गर्भारपणाच्या कालावधीत 37 दिवसांपर्यंत तफावत आढळली. पहिलटकरणीला तर थोडे दिवस जास्त लागणे नेहमीचेच आहे.

सात दिवसांचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. बाळ पोटातच दगावण्याचा, म्हणजे मृतजन्माचा, धोका काढताना पूर्वी एखाद्या आठवड्यातील मृतजन्मांना त्याच आठवड्यात झालेल्या जन्मांनी भागत असत. समजा, 38 आठवडे भरलेल्या 1000 गर्भवती आहेत आणि त्यांतील 100 त्या आठवड्यात बाळंत झाल्या. धोका त्या शंभरांच्याच बाळांना होता असे कसे म्हणावे? तो तर पोटात असलेल्या हजारही बाळांना होता. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 1987 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा मुद्दा मांडला, आणि भाजक बदलताच जुने चित्रही बदलले, शेवटच्या आठवड्यांत थांबण्याचा धोका वाढत जातो, हे स्पष्ट दिसू लागले. हा धोका एकंदरीने लहानच असतो, पण ज्या घरावर तो ओढवतो तिथे त्याला लहान म्हणता येत नाही.

स्वीडनमध्ये 2760 गर्भवतींच्या चाचणीत, 2019 च्या अहवालानुसार, निम्म्या जणींना 41 आठवडे पूर्ण होताच कळा आणल्या, तर उरलेल्यांच्या बाबतीत 42 आठवड्यांपर्यंत वाट पाहिली. वाट पाहिलेल्या गटात सहा बाळे दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. त्यामुळे चाचणी मध्येच थांबवावी लागली. सिझेरियनच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. तारखेनंतरचा सातवा दिवस म्हणजे नेमके 41 आठवडे.

मात्र रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर ही मुदत जशीच्या तशी धरू नये. आणि बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली, तर तारीख कोणतीही असो, सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.