स्कॅनर बघून डेंटिस्ट व्हावंसं वाटलं, तर?

प्रश्न : माझा मुलगा बारावीत आहे. रूट कॅनाल झालेल्या त्याच्या दाढेचा मध्यंतरी तुकडा पडला. डॉक्टरांनी तोंडात छोटा कॅमेरा फिरवला, स्क्रीनवर त्याचे सगळे दात रंगीत उभे राहिले, आणि त्याच दिवशी नवी कॅप बसवून तो घरी आला. तेव्हापासून ‘मी डेंटिस्टच होणार’ असा धोशा लावलाय. त्याचे वडील म्हणतात, सगळं मशीनच करणार असेल तर इतकी वर्षं शिकून डॉक्टरने करायचं काय? मला वेगळीच काळजी आहे. एक स्कॅनर आवडला म्हणून आयुष्याचा निर्णय घ्यायचा का? – एक आई

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मला माझं शाळेतलं वय आठवलं. दातांना तारा लावायच्या म्हणून माझं माप घेतलं होतं. ओल्या, गुळगुळीत लगद्याने भरलेला ट्रे वरच्या जबड्यावर दाबून धरलेला, लगदा टाळूवरून घशाकडे सरकतोय, ओकारीची उबळ येतेय आणि डॉक्टर सांगताहेत, ‘नाकाने श्वास घे, झालंच.’ दोनदा माप बिघडलं. तिसऱ्यांदा मी रडतच दिलं. त्यामुळे परवा कॅपसाठी पुन्हा माप द्यायची वेळ आली तेव्हा खुर्चीचे हात घट्ट धरूनच बसले होते. या वेळी तोंडात फिरला तो स्कॅनर. मध्येच ठसका लागला, डॉक्टरांनी हात बाहेर घेतला, मी पाणी प्याले आणि जिथे काम थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. लगद्याच्या मापात असं मध्ये थांबता येत नाही. दातांच्या डॉक्टरांकडे जायला घाबरणारी माणसं बरेचदा दुखण्यापेक्षा या ‘मध्ये थांबता न येण्याला’ घाबरलेली असतात. म्हणून मुलाला जे भारी वाटलं ते मी पोरखेळ समजणार नाही.

आता त्याच्या वडिलांच्या शंकेकडे येते, कारण ती रास्त आहे.

कॉम्प्युटरवर दाताचा आकार आखायचा आणि सिरॅमिकच्या ठोकळ्यातून मशीनने तो कोरायचा, ही पद्धत तशी नवी नाही. झुरिक विद्यापीठात डॉ. वर्नर मॉर्मान आणि इंजिनियर मार्को ब्रान्देस्तिनी यांनी ती उभी केली आणि १९८५ मध्ये पहिल्यांदा रुग्णाच्या दातात असा तुकडा बसला. पण तुमच्या मुलाने पाहिला तो त्या दुपारचा शेवटचा भाग. त्याआधी डॉक्टरांनी दाढ किती घासायची, किती राखायची, कॅपची कड कुठे ठेवायची हे ठरवलं होतं. स्कॅनरला फक्त प्रकाश पोचतो तेवढंच दिसतं. हिरडीतून रक्त येत असेल, थुंकी साचली असेल, कड हिरडीखाली दडली असेल, तर स्क्रीनवरचं चित्र चुकतं आणि त्या चित्रावरून कोरलेली कॅपही चुकते. म्हणून डॉक्टर हिरडी आणि दात यांच्यामध्ये बारीक दोरा सरकवतात, जागा कोरडी करतात, मगच स्कॅन घेतात. कॅपची कड नीट मिळाली नाही तर फटीत कीड लागते आणि वर्षा-दोन वर्षांनी चकचकीत कॅपखालचा दात पोखरलेला निघतो. मशीन कितीही महागडं असो, ते चुकलेली कडही तितक्याच इमानदारीने कोरून देतं.

एक्स-रेचंही तसंच. रोंटगेन यांनी १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले आणि लगेच जानेवारी १८९६ मध्ये जर्मन दंतवैद्य ओटो वाल्कहॉफ यांनी स्वतःच्या दातांचं चित्र घेतलं. त्यासाठी ते तब्बल २५ मिनिटं किरणांसमोर न हलता पडून होते! आज सेन्सर तोंडात ठेवला की क्षणार्धात काम होतं, किरणही फार कमी लागतात. आता तर त्या चित्रावर एआय ‘इथे कीड असावी’ अशी चौकट काढून देतं. पण दाताच्या मानेशी, म्हणजे हिरडीजवळ, जिथे हाड आणि इनॅमल (दाताचं वरचं टणक आवरण) दोन्हींची जाडी कमी असते, तिथे निरोगी दातातही काळपट सावली पडते. ती हुबेहूब किडीसारखी दिसते. मग डॉक्टर आरसा घेतात, दात वाळवून बघतात, टोकदार उपकरण हलकेच फिरवतात आणि ठरवतात. शिवाय खरीखुरी कीडसुद्धा अगदी सुरुवातीची, खड्डा न पडलेली असेल तर ड्रिल लावायची गरज नसते. फ्लोराइड, नीट घासणं आणि लक्ष ठेवणं पुरतं. माझ्या मते या तंत्रज्ञानाचा सगळ्यात मोठा फायदा इथे आहे, आणि धोकाही इथेच. जे लवकर दिसतं ते लवकर वाचवता येतं, तसंच ते विनाकारण लवकर कोरलंही जाऊ शकतं. यातलं काय घडणार, ते खुर्चीशेजारी बसलेल्या माणसावर आहे.

रूट कॅनालबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण तुमच्या मुलाने ते स्वतः करून घेतलंय. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात, पण पुष्कळदा त्यांत दाताची नस जाणाऱ्या चार नळ्या निघतात. ही चौथी नळी केसासारखी बारीक असते. ती साफ करायची राहिली तर आत जंतू उरतात आणि ‘रूट कॅनाल करूनही दुखतंय’ म्हणत माणूस परत येतो. पूर्वी ती हाताच्या अंदाजाने शोधावी लागे. आज थ्रीडी स्कॅनमध्ये, ज्याला सीबीसीटी म्हणतात, दाढेचे आडवे काप बघता येतात, आणि मायक्रोस्कोपखाली दाढेचा तळ एखाद्या अंगणाएवढा दिसतो. त्या तळावरची रंगाची पुसट रेघ धरत डॉक्टर नळीच्या तोंडापर्यंत जातात. नळीची लांबी मोजायला विजेच्या सूक्ष्म प्रवाहावर चालणारं यंत्र असतं. सुई मुळाच्या टोकाजवळ गेली की त्याचा आवाज बदलतो. पुढे सफाई करते निकेल-टायटॅनियमची फाइल, म्हणजे नळी आतून घासणारी बारीक कानस, जी वाकड्या मुळातूनही लवचीकपणे वळते. एवढी सगळी मदत दिमतीला असते, तरी फाइल कधी अडतेय, कधी जोर कमी करायचा, हे बोटांनाच कळतं. जोर जास्त झाला तर ती आतच तुटते.

इम्प्लांटमध्येही, म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचं कृत्रिम मूळ बसवतात त्यातही, थ्रीडी स्कॅनने खालच्या जबड्यातली नस किती अंतरावर आहे ते आधीच मोजता येतं आणि प्रिंट केलेल्या साच्यातून नेमक्या कोनात छिद्र पाडता येतं. अर्थात टायटॅनियमशी हाड जुळून येतं हे स्वीडनच्या डॉ. ब्रोनेमार्क यांनी ओळखलं आणि १९६५ मध्ये रुग्णावर वापरलं, तेव्हा यातलं काहीच हाताशी नव्हतं.

आणखी एक गोष्ट मुलाला जरूर सांगा. आधुनिक म्हणजे स्क्रीनच असं नाही. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं एक द्रव औषध आहे. ब्रशने किडलेल्या जागी लावलं की बरेचदा कीड तिथेच थांबते. सुई नाही, ड्रिल नाही. जागा काळी पडते हा त्याचा तोटा, पण तोंड न उघडणाऱ्या लहान मुलासाठी किंवा अंथरुणावरच्या आजोबांसाठी ते वरदान आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. याच संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे ३५० कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे. त्यांतल्या बहुतेकांपर्यंत स्कॅनर नाही, बाटली आणि ब्रश घेऊन कुणीतरी जायला हवंय. हे ऐकून मुलाचे डोळे चमकले तर मला कळवा. माझ्या लेखी ती स्कॅनरच्या ओढीपेक्षा मोठी खूण आहे.

तर निर्णय कसा घ्यायचा? तीन गोष्टी करून बघा.

त्याच डॉक्टरांना विचारून, रुग्णांची हरकत नसेल तर, त्याला दोन-तीन दिवस दवाखान्यात बसू द्या. स्क्रीनकडे पाठ करून बसायचं. संध्याकाळी त्याला विचारा, आज कोण घाबरलं होतं, डॉक्टर काय बोलले, माणूस कधी सैलावला. तो फक्त मशीनबद्दलच बोलत राहिला तर त्यात वाईट काही नाही. पण मग त्याच्यासाठी डेंटल लॅबचं क्षेत्र अधिक योग्य ठरेल. कॅप, कवळ्या, अलाइनर (दात सरळ करणारे पारदर्शक साचे) कॉम्प्युटरवर आखणं, प्रिंट करणं, सिरॅमिकला खऱ्या दातासारखी छटा देणं, हे कसबाचं काम आहे आणि त्याचं वेगळं शिक्षण आहे. ते दुय्यम समजू नका. उत्तम टेक्निशियनशिवाय उत्तम डॉक्टरचंही अडतं.

दुसरं, कागदावर पाच टोकांची चांदणी काढा आणि ती थेट न बघता फक्त आरशात बघून त्याला पेन्सिलने गिरवायला सांगा. डेंटिस्टचं निम्मं काम आरशातच चालतं. पहिल्या दिवशी सगळ्यांचीच रेघ भलतीकडे जाते, तेव्हा त्यावरून मत बनवू नका. आठवडाभर तो चिकाटीने बसतो का, तेवढंच बघा.

तिसरं, साबणाच्या वडीतून त्याला स्वतःची दाढ कोरायला सांगा. दंतवैद्यकाचे विद्यार्थी मेणातून अशाच दाढा कोरून हात बसवतात.

आणि हो, तुम्ही दोघांनी आतापासून एक लक्षात ठेवा. पदवीनंतर लगेच कर्ज काढून सगळी यंत्रं घेऊ देऊ नका. हप्ते भरायचे म्हणून गरज नसलेल्या कॅप बसवण्याचा मोह होतो, आणि चांगली मुलंही त्यात अडकलेली मी पाहिली आहेत. आधी काही वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात, चांगल्या हाताखाली काम करावं. मान आणि पाठ या पेशात लवकर दुखायला लागतात. सरळ बसून काम करण्याची सवय तिथेच लागली तर आयुष्यभर उपयोगी पडते.

महिनाभराने मुलाला घेऊन भेटायला या. येताना साबणाच्या दाढा आणा. पहिली, बिघडलेली दाढसुद्धा टाकून देऊ नका, मला तीही बघायची आहे.