डोळा लाल नाही म्हणून तपासणी पुढे ढकलू देऊ नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. ४ वर्षांची मुलगी, एका गुडघ्याला सूज, जेआयएचं (लहान मुलांच्या सांधेदाहाचं) निदान, एएनए (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी) पॉझिटिव्ह. रुमॅटॉलॉजिस्टांनी (सांध्यांच्या आजारांच्या डॉक्टरांनी) दर ३ महिन्यांनी डोळे तपासायला सांगितलेत. आता मेथोट्रेक्सेटने (दाह दाबणाऱ्या औषधाने) गुडघ्याची सूज उतरलीय, चष्म्याच्या दुकानात नजर ६/६ आली, आणि डोळ्यांच्या विभागातून सांगतायत की तक्रार नसेल तर पुढच्या वर्षी या. त्यात मेथोट्रेक्सेट बंद करायचं घाटतंय. ‘एवढी घाई खरंच असते का?’ असं तुम्ही विचारलंत. असते. लहान वयात सुरू झालेला, मोजक्या सांध्यांचा जेआयए आणि वर एएनए पॉझिटिव्ह, म्हणजे युव्हिआयटिसचा, डोळ्याच्या आतल्या दाहाचा, सगळ्यात जास्त धोका असलेल्या गटात तुमची लेक येते. आमचीही त्याच गटातली.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. औषधाचा डोस, थेंब किती वेळा, हे माझ्या सांगण्यावरून कुणी बदलू नका. पण तपासणीच्या तारखेबद्दल मी ठाम बोलणार आहे.

या मुलांचा युव्हिआयटिस बहुतेक वेळा गुपचूप येतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पाणी येत नाही. मोठ्या मुलग्यांमध्ये एचएलए-बी२७ (रक्तचाचणीत कळणारी एक जनुकीय खूण) सोबत येणारा प्रकार वेगळा, त्यात डोळा लालभडक होतो आणि दुखतो, त्यामुळे तो लपत नाही. आपल्या मुलींच्या डोळ्यात मात्र बुबुळाच्या पुढच्या पाण्यात दाहाच्या पेशी तरंगत असतात आणि त्या फक्त स्लिट लॅम्पच्या (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शक यंत्राच्या) अरुंद प्रकाशात दिसतात. टॉर्च मारून दिसत नाहीत. अक्षरांच्या तक्त्यावर तर बरेच दिवस काहीच कळत नाही, कारण नजर कमी होते ती नुकसान झाल्यावर. ६/६ आलं याचा अर्थ आज अक्षरं दिसतायत, एवढाच घ्या. आणि गुडघ्यावरून डोळ्याचा अंदाज बांधू नका. सांधे अगदी शांत असताना डोळा पेटलेला असू शकतो. काही मुलांमध्ये तर डोळ्याचा त्रास सांध्यांच्याही आधी सुरू होतो.

आता आमचं ऐका. उपचार आमच्या वाट्याला चांगले आले. आम्हाला सगळ्यात महाग पडली ती अपॉइंटमेंटची खिडकी. पहिला प्रश्न ठरलेला: तक्रार काय? तक्रार नाही, दर ३ महिन्यांची तपासणी आहे, असं म्हटलं की नाव ‘रूटीन’च्या यादीत. मग डॉक्टर रजेवर म्हणून तारीख पुढे, यंत्र दुरुस्तीला गेलं म्हणून आणखी पुढे. रुमॅटॉलॉजिस्टांची चिठ्ठी दाखवली तर ‘ती त्यांच्या विभागाची, इथे आमची यादी चालते’. हात जोडून झाले, चढ्या आवाजात बोलून झालं, वरिष्ठांना भेटून झालं. शेवटी तपासणी झाली तेव्हा एका डोळ्याचं बुबुळ मागच्या भिंगाला चिकटलेलं होतं. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर ती गोल व्हायच्या ऐवजी वेडीवाकडी उघडली. पुढे त्याच डोळ्यात मोतीबिंदू आला. तो दाहामुळे आला की स्टिरॉइडच्या थेंबांमुळे, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, दोन्हींमुळे येतो. मला अजून त्या खिडकीचा राग येतो. जो कळवळतो त्याला आधी घ्यायचं, हा नियम इतर आजारांत ठीक असेल. या आजारात मूल कळवळतच नाही, त्यामुळे त्या नियमाने त्याचा नंबर कायम शेवटी लागतो.

म्हणून खिडकीवर ‘रूटीन चेकअप’ हे शब्द उच्चारूच नका. म्हणा, ‘जेआयए आहे, एएनए पॉझिटिव्ह आहे, लक्षणांशिवाय युव्हिआयटिस होतो, स्लिट लॅम्प तपासणी अमुक तारखेच्या आत हवी.’ हेच रुमॅटॉलॉजिस्टांकडून तारखेसकट लिहून घ्या. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जास्त धोक्याच्या मुलांसाठी दर ३ महिन्यांचीच तपासणी सांगितली आहे, हे चिठ्ठीत आलं तर वजन पडतं. तरीही तारीख मिळाली नाही तर दुसरीकडे जा. पेशी आहेत की नाहीत हे पाहायला स्लिट लॅम्प असलेले आणि लहान मुलांना हाताळायची सवय असलेले नेत्रतज्ज्ञ पुरतात. काही सापडलं तर मात्र युव्हिआयटिसच्या तज्ज्ञांकडेच जा, याबाबतीत माझं मत पक्कं आहे.

तपासणी झाल्यावर ‘सगळं ठीक आहे’ एवढ्यावर उठू नका. दोन्ही डोळ्यांत पेशींची ग्रेड किती आणि दाब किती, हे वहीत लिहून घ्या. शून्य, ०.५, १ असे आकडे असतात. पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले तरी तुलना करता येते.

मुलगी यंत्राला घाबरत असेल तर घरी टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकवून एका जागी बघायचा खेळ खेळा. आम्हाला याचा फार उपयोग झाला. कधी थेंब घालायची वेळ आलीच, तर तिला आडवं झोपवा, डोळे मिटलेले असू देत, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग डोळा उघडायला सांगा. प्रेडनिसोलोन ॲसिटेटची (स्टिरॉइडच्या थेंबांची) बाटली आधी नीट हलवायची, औषध तळाशी बसतं.

घाबरवायचा हेतू नाही. वेळेवर सापडलं तर उपचार चांगले आहेत. नुसत्या स्टिरॉइडच्या थेंबांवर महिनोन्‌महिने ठेवणं मला पटत नाही, त्याने मोतीबिंदूचा आणि दाब वाढून काचबिंदूचा धोका वाढतो. थेंब कमी करता येत नसतील तर पुढच्या औषधाबद्दल तुम्हीच विचारा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सायकॅमोर या औषध-चाचणीत युव्हिआयटिस असलेल्या सगळ्या मुलांना मेथोट्रेक्सेट चालू होतं. सोबत अडालिमुमॅब हे दाह रोखणारं इंजेक्शन मिळालेल्यांत उपचार अपयशी ठरले २७ टक्के मुलांमध्ये, न मिळालेल्यांत ६० टक्के. आमच्या लेकीचा डोळा त्यानंच शांत झाला. प्रत्येकाला लागू पडेलच असं नाही. आणि सांध्यांसाठी एटानरसेप्ट हे दुसरं इंजेक्शन सुचवलं तर डोळ्यांचा विषय आवर्जून काढा, युव्हिआयटिसवर ते तितकं भरवशाचं नाही.

राहिला मेथोट्रेक्सेट बंद करायचा प्रश्न. मला सगळ्यात जास्त काळजी इथे वाटते. गुडघ्यासाठी दिलेलं हे औषध डोळ्यांनाही सांभाळत असतं, आणि ते थांबल्यावर डोळ्यातला दाह डोकं वर काढू शकतो. म्हणजे नेमका हाच काळ आहे जेव्हा तुम्हाला पुढच्या वर्षीची तारीख देतायत. उद्याच रुमॅटॉलॉजिस्टांना फोन करा, डोळ्यांची तपासणी झालेली नाही हे स्पष्ट सांगा, आणि ती होईपर्यंत औषध चालू ठेवता येईल का ते विचारा. बंद करायचं ठरलंच तर त्यानंतरच्या तपासणीची तारीखही त्याच दिवशी पक्की करून घ्या.