बाजारबुणगा: यातला ‘बुणगा’ कोण?

प्रश्न असा आहे: ‘बाजारबुणगा’ म्हणजे बाजारात हिंडणारा रिकामटेकडा का, आणि ‘बुणगा’ हा शब्द एकटा का भेटत नाही?

आज तो एकटा फारसा भेटत नाही, हे खरे. पण मराठ्यांच्या लष्करी व्यवहारात तो रोजचा शब्द होता. मूळ फारसी ‘बुनगाह’, म्हणजे फौजेचे सामानसुमान किंवा ते ठेवण्याची जागा. यातला ‘गाह’ म्हणजे ठिकाण, ‘दरगाह’मधलाच. दरगाहचा जसा दर्गा झाला तसा बुनगाहचा बुणगा. शेवटी ‘आ’ आल्यावर तो घोडा-घोडे यांच्या रांगेत बसला आणि ‘बुणगे’ हे अनेकवचन आपोआप मिळाले. सामानाचे नाव सामानाबरोबर चालणाऱ्या माणसांनाही चिकटले. ‘विणणे’ या अर्थाच्या हिंदी ‘बुनना’शी त्याचा संबंध जोडू नये, अर्थ कुठेच जुळत नाही.

‘बाजार’ही गावातला नव्हे, छावणीतला. वाणी, लोहार, सुतार, हमाल, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारे), खिजमतगार (नोकरचाकर), शिवाय बायकामुले आणि यात्रेकरू, म्हणजे न लढणारे सगळे बुणग्यांत मोडत. याच्या उलट शब्द ‘सडा’. ‘सडी फौज’ म्हणजे बुणगे मागे ठेवून निघालेली, झटपट हलणारी फौज. ही जोडी ध्यानात घेतली की शब्दाला तुच्छता कुठून आली ते कळते: बुणगे धान्य खातात, वेग कमी करतात आणि लढाईत त्यांचेच रक्षण करावे लागते. पानिपतावर हे फार महागात पडले. बुणगे मागे सुरक्षित जागी ठेवावेत, असा सल्ला भरतपूरचा राजा सूरजमल जाट याने मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांना दिला होता. तो मानला गेला नाही. पुढे रसद तुटली, छावणीत उपासमार झाली आणि १४ जानेवारी १७६१ रोजी या सगळ्यांना सांभाळतच लढावे लागले.

तरीही ही शिवी मला अन्यायाची वाटते. नालबंद आणि वाणी नसते तर घोडदळ चार मुक्कामही पुढे सरकले नसते. ‘निरुपयोगी’ हा अर्थ लढणाऱ्याच्या नजरेतून आलेला आहे.

वापरताना मात्र आजचाच अर्थ धरावा: कामाचा नसून गर्दीत सामील झालेला. म्हणून शब्द बहुधा अनेकवचनी येतो. ‘कार्यकर्ते चारच, बाकी बाजारबुणगे’ हे चपखल. घरी लोळणाऱ्या आळशाला बाजारबुणगा म्हणणे चूक, त्याला ‘ऐदी’ म्हणावे. ‘खोगीरभरती’ अर्थाने जवळची, पण ती समूहाला किंवा वस्तूंनाही लागते. ‘लेखात नुसती खोगीरभरती आहे’ असे म्हणता येते, तिथे ‘बाजारबुणगे’ चालणार नाही. लिहिताना ‘ण’च ठेवावा, ‘बाजारबुनगे’ आणि ‘बाजारबुंगे’ ही रूपे टाळावीत.